जुन्या द्राक्षबागेत पांढरी मुळी चालत नाही, जीए आणि सिक्स बीए लागू पडत नाही: मातीतलं तांबं तपासलंत का?

खरड छाटणी (नवी काडी तयार करायला उन्हाळ्यात केलेली छाटणी) होऊन महिना-दीड महिना झाला की मला एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. काडी निघाली, पण पेरा (दोन पानांमधलं अंतर) आखूड राहिला. शेंड्याकडची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. दुपारी पानं वाटीसारखी वळतात, पाणी वाढवलं तरी तेच. "सिक्स बीए झालं, युरासिल झालं, ह्युमिक दोनदा सोडलं. मुळीच चालंना झालीया बघा!" (मुळी म्हणजे अन्नपाणी उचलणारी कोवळी पांढरी मुळी. सिक्स बीए आणि जीए, म्हणजे जिबरेलिन, ही संप्रेरकं, झाडाच्या वाढीला हुकूम देणारी द्रव्यं. युरासिल, ह्युमिक हीही वाढीसाठीच देतात.) बागेचं वय विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं. एक तर बाग पंधरा-वीस वर्षांची जुनी, नाहीतर जुनी काढून त्याच चरांत केलेली नवी लागण.

हे माझ्या स्वतःच्या बागेत सलग तीन हंगाम झालं, म्हणून पोटतिडकीने लिहितोय. त्या तीन हंगामांत मी औषधांवर जेवढा खर्च केला, त्याच्या अगदी थोड्या भागात मातीची तपासणी झाली असती. दोष होता बोदावरच्या (वेलींच्या ओळीतल्या उंच वरंब्यावरच्या) मातीत साठलेल्या तांब्याचा, आणि ते तांबं वर्षानुवर्षं मीच मोरचुदाच्या (तांब्याचं सल्फेट) रूपाने टाकत आलो होतो.

आधी बाकीची कारणं बाजूला काढा

लगेच तांब्यावर ठपका ठेवू नका. हीच लक्षणं दाखवणारी चार-पाच कारणं आहेत आणि त्यातली बरीचशी अर्ध्या दिवसात तपासून होतात.

मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. ड्रिपरच्या कडेने पांढरा थर आणि पानांच्या कडा करपलेल्या असतील तर क्षार, आधी पाण्याची आणि मातीची ईसी (क्षारांचं माप) बघा. माती हातात दाबली की वास मारत असेल, मुळाची साल बोटाने सरकून येत असेल तर पाणी जास्त होतंय. शेजारी ऊस असेल आणि तुमची कोवळी पानं पंख्यासारखी चिरल्यागत, शिरा एकवटलेल्या दिसत असतील, तर ते टू-फोर-डी तणनाशकाचं उडालेलं औषध आहे. टू-फोर-डी हे कृत्रिम ऑक्झिनच आहे, म्हणजे झाडाच्या वाढीचं एक संप्रेरक, आणि द्राक्षवेल त्याला फार नाजूक. तो बिघाड संप्रेरकांचाच, पण त्याचा उपाय वेगळा.

ही सगळी कारणं निकालात निघाली आणि बाग जुनी असली, तर खोरं घ्या.

खड्डा घेऊन बघा

ड्रिपरपासून वीतभर अंतरावर दीड फूट खोल खड्डा घ्या. खड्ड्याची भिंत सुरीने हळूहळू खरवडा, मुळं तोडू नका. एक जुडगा मातीसकट उचलून बादलीत भिजवा, मग पांढऱ्या ताटलीत पाण्यावर पसरा. निरोगी पांढरी मुळी लांब, सरळ आणि टोकाला नितळ असते. तांब्याने मारलेली मुळी आखूड, जाडसर आणि तपकिरी दिसते. तिचं टोक बोथट झालेलं असतं आणि टोकामागे आखूड आखूड फुटवे दाटलेले असतात, काटेरी तारेचा तुकडा दिसावा तशी. माझ्या बागेत वरच्या सहा इंचांत नुसती अशीच मुळं होती. फुटाखाली गेलो तर दोन-चार पांढऱ्या मुळ्या चांगल्या चाललेल्या सापडल्या. एकाच वेलीची मुळं, वरची आजारी आणि खालची बरी. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला, कारण तांबं पाण्याबरोबर खाली जात नाही. ते सेंद्रिय पदार्थाला आणि मातीतल्या लोहाच्या संयुगांना घट्ट चिकटून वरच्या थरातच बसतं.

एवढं तांबं आलं कुठून?

मोरचुदात साधारण पाव हिस्सा तांबं असतं. एक टक्का बोर्डोच्या (मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण) शंभर लिटरला एक किलो मोरचूद, म्हणजे अडीचशे ग्रॅम तांबं. एकराला चारशे लिटर पाणी धरलं तर एका फवारणीत एक किलो तांबं बागेत उतरलं. वर्षात अशा चार फवारण्या म्हणजे चार किलो. एकरातली वरची अर्धा फूट माती साधारण 8 ते 9 लाख किलो भरते, म्हणजे एक किलो तांब्याने त्या थरात सव्वा पीपीएमच्या (दहा लाख भागांत सव्वा भाग) आसपास वाढ होते. चार किलोंनी वर्षाला पाच पीपीएम धरा, पंधरा वर्षांचा हिशोब तुम्हीच करा. शिवाय खोड धुताना ओघळणारं पाणी, खोडाला लावलेली पेस्ट, फवारा बसलेल्या पानांची गळ हे सगळं बोदावरच पडतं. कोंबडी खत वापरत असाल तर कोंबडीच्या खाद्यातलं तांबं आणि जस्त त्यातूनही येतं.

युरोपीय संघाने 2019 पासून तांब्यावर मर्यादा घातली आहे: सात वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे सरासरी वर्षाला हेक्टरी 4 किलो. एकराला ते जेमतेम 1.6 किलो होतं. ज्या मुलखात मिलार्दे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1885 साली बोर्डो मिश्रण जगापुढे ठेवलं, तिथेच आज हा हिशोब करावा लागतोय. केवड्यापासून (डाऊनी हा बुरशीरोग) द्राक्षशेती वाचवली ती याच मिश्रणाने, मलाही त्याने किती हंगाम तारलं आहे. पण मोरचुदाचं कीटकनाशकासारखं नाही, ते कुजून संपत नाही. तांबं हा धातू आहे, टाकलं की ते तिथेच राहतं.

मुळीत तांबं शिरलं की संप्रेरकांचं काय होतं

हा भाग सावकाश वाचा. फवारणीचा पैसा वाया का जातो ते यातच आहे.

मुळीची वाढ होते तिच्या अगदी टोकाशी, काही मिलिमीटरच्या भागात. तिथवर ऑक्झिन वरच्या शेंड्याकडून खाली येतं. टोकाच्या पेशींवर ऑक्झिन बाहेर सोडणारी प्रथिनं बसलेली असतात, ती ऑक्झिनला ठरलेल्या वाटेने वळवतात आणि त्यावरून मुळी किती लांबायची ते ठरतं. पेशीत तांबं जास्त झालं की या प्रथिनांची मांडणी विस्कटते. ऑक्झिन असतं, पण जागा चुकतं. टोक थांबतं आणि मागून आखूड फुटवे निघतात. ताटलीत दिसलेली काटेरी तार ती हीच. प्रयोगशाळेत मोहरीच्या कुळातल्या रोपावर हे स्पष्ट दाखवलेलं आहे.

दुसरा फटका सायटोकायनिन या संप्रेरकाला, आणि द्राक्षवाल्यांसाठी हाच सगळ्यात मोठा. सायटोकायनिन मुख्यतः मुळांच्या टोकांत तयार होतं आणि रसाबरोबर वर चढतं. धातूच्या ताणात त्याचं तयार होणं घटतं, शिवाय त्याला तोडणारं विकर वाढतं. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत काडीवरच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो. त्या वेळी डोळ्यात सायटोकायनिन भरपूर असेल तर त्या कोवळ्या भागाचा घड बनतो. जिबरेलिनचा जोर असेल तर त्याचीच बाळी (वेलीचा आधार धरणारा तणावा) होते. सिक्स बीए मारतो ते काय? ते सायटोकायनिनच आहे. पण वरून मारलेला तो एक घोट आहे. खाली मुळांची हजारो टोकं रात्रंदिवस जे पाठवत असतात, ते बंद पडलं तर घोटाने किती दिवस भागणार? फळ छाटणीनंतर (फळासाठी केलेली वर्षातली दुसरी छाटणी) घड जिरला, म्हणजे त्याची बाळी झाली, किंवा गोळी घड निघाला की आपण ढगाळ हवेला आणि जादा पाण्याला दोष देतो. त्यांचाही हात असतोच, पण जुन्या बागेत खालच्या मुळीकडे कोणी बघतच नाही.

तिसरं संप्रेरक इथिलीन. फळ छाटणीआधी पानगळीला इथेफॉन मारतो, त्यातून सुटतं ते इथिलीन. तांबं वाढलं की मुळी स्वतःच इथिलीन जास्त बनवते, त्याने लांबी आणखी थांबते आणि जुनी पानं लवकर म्हातारी होतात. गंमत अशी, की इथिलीन ओळखणारं झाडातलं जे प्रथिन आहे, त्याला काम करायला तांब्याचा एक अणू लागतोच. म्हणजे झाडाला तांबं हवंच, पण अगदी थोडं. पानात 5 ते 20 पीपीएम पुरे होतं.

चौथं अॅब्सिसिक आम्ल, ताणाचं संप्रेरक. मुळीवर ताण आला की ते वाढतं आणि पानांची छिद्रं मिटवतं. दुपारी पानं वळतात ती यामुळे. माती ओली असते तरी वेल तहानलेली दिसते, आपण पाणी वाढवतो, मुळीला हवा मिळत नाही आणि दुखणं वाढतं. माझ्या तीन हंगामांतला एक हंगाम असाच गेला. जिबरेलिनही या ताणात घटतं, म्हणून पेरा आखूड. मग मण्याची फुगवण, लांबी यासाठी आपण जीएची मात्रा वाढवतो. पण मणी फुगवायला पाणी आणि अन्न मुळीनेच द्यायचं असतं. नुसत्या जीएने हलका माल हातात येतो.

शेंड्याच्या पिवळेपणाचं कारणही इथेच आहे. तांबं जास्त असलं की मुळी लोह नीट उचलत नाही.

पक्कं कसं करायचं

देठ तपासणीवर विसंबू नका. तांबं मुळातच अडकतं, वर फार कमी चढतं, त्यामुळे देठाचा आकडा साधाच येतो. आणि देठावर फवारणीचा अंश राहिला असेल तर तो उगाच मोठा येतो. दोन्ही बाजूंनी फसवणूक.

मातीचे नमुने घ्या: बोदावर ड्रिपरजवळ 0 ते 15 सेंटीमीटर, तिथेच 15 ते 30, आणि एक बांधावरच्या पडीक जागेचा. बांधाचा नमुना वगळू नका. आपली काळी माती बेसॉल्टपासून झालेली, आणि त्या खडकातच तांबं भरपूर. म्हणून एकूण तांब्याचा नुसता आकडा वाचून काही कळत नाही, शेजारच्या न फवारलेल्या मातीशी तुलना केली तरच कळतं. प्रयोगशाळेला डीटीपीए पद्धतीने उपलब्ध तांबं, सामू, ईसी, सेंद्रिय कर्ब आणि चुनखडी एवढं मागा. मृदा अहवालात तांब्याची कमतरतेची रेघ 0.2 पीपीएमला असते. त्याच्या वर गेलं की शेरा येतो ‘पुरेसे’, आणि आपण पान उलटतो. जास्त किती हे तो शेरा सांगत नाही. माझ्या अहवालावरही ‘पुरेसे’ होतं, पण बांधाच्या नमुन्याच्या कितीतरी पट.

आता घरची परीक्षा, हिला खर्च नाही. तीन कुंड्या घ्या. एकीत बोदाची वरची माती, दुसरीत त्याच जागेची दीड फुटाखालची, तिसरीत बांधाची. प्रत्येकीत वीस-पंचवीस दाणे गव्हाचे टाका, पाणी सारखं द्या, सावली-ऊन सारखं ठेवा. दहा दिवसांनी कुंड्या पाण्यात उलट्या करून मुळं धुवा आणि शेजारी शेजारी ठेवा. गहू मुद्दाम सांगतोय. गवतवर्गी पिकांची मुळं लोह मिळवायला मातीत एक द्रव्य सोडतात, ते चुनखडीच्या जमिनीतलं तांबंही सोडवून घेतं. दक्षिण फ्रान्समध्ये जुन्या द्राक्षबागा काढून लावलेल्या ड्युरम गव्हाची पानं याच कारणाने पिवळी पडली आणि मुळं खुंटली, तीही चुनखडीच्या जमिनीत. "आपला सामू आठच्या वर आहे, तांब्याचा त्रास होणार नाही" असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. सामू जास्त असला की तांबं कमी सुटतं हे खरं, पण ते मुळीपुरतं सुटायला वाटा असतात. त्यातल्या दोन आपणच उघडून देतो.

आपणच करत असलेल्या चुका

पहिली म्हणजे ठिबकमधून आम्ल. फॉस्फोरिक किंवा सल्फ्युरिक आम्ल लॅटरल (ठिबकच्या नळ्या) धुवायला सोडतो, त्याने ड्रिपरखालच्या ओल्या गोळ्यात सामू घसरतो, आणि पांढरी मुळी नेमकी तिथेच असते. लॅटरल धुवा, पण धुतलेलं पाणी शेवटचे एंड कॅप उघडून बाहेर काढा.

दुसरी, ईडीटीएची (धातूला धरून ठेवणारं द्रव्य) खतं जमिनीतून देणं. चुनखडीच्या मातीत लोहाचं ईडीटीए टिकत नाही. लोह सुटतं आणि मोकळं झालेलं ईडीटीए जे सापडेल ते धरतं, त्यात तांबंही आलं. धरलेलं तांबं पाण्यात विरघळून मुळीभोवती फिरतं. लोह जमिनीतून द्यायचंच असेल तर ईडीडीएचए या तशाच दुसऱ्या द्रव्यातलं द्या, ते जास्त सामूला टिकतं. नाहीतर फेरसची हलकी फवारणी करा.

तिसरी चूक नव्या लागणीची, आणि तिने फार बागा बसल्या आहेत. चर भरताना ‘वरची कसदार माती खाली’ हा आपला वाडवडिलांचा नियम आहे आणि कोऱ्या रानात तो बरोबरच आहे. जुन्या बागेत मात्र ती वरची माती तांब्याने भरलेली असते. ती चरात लोटली की वर्षाच्या कलमाची मुळं थेट त्यात उतरतात. जुन्या बागेच्या जागी चर भरताना बोदावरची वरची माती बाजूला ठेवा. दोन ओळींच्या मधली किंवा बाहेरची माती चरात टाका. शक्य असेल तर नवी ओळ जुन्या दोन ओळींच्या मधोमध घ्या.

दुरुस्ती

जमिनीतलं तांबं काढून टाकणारं औषध नाही. मोहरी, ताग, धैंचा यांनी ते उपसून निघत नाही, त्या वाटेने आयुष्य जाईल. आपल्या हातात दोन गोष्टी आहेत: येणारं थांबवणं आणि असलेलं बांधून ठेवणं.

येणारं थांबवायला वर्षाची तांब्याची वही ठेवा. प्रत्येक तांबेयुक्त औषधाच्या डब्यावर तांब्याचं प्रमाण लिहिलेलं असतं, एकराला किती ग्रॅम गेलं ते मांडत चला. मी एकराला वर्षाला दीड किलोच्या आत राहायचं ठरवलं आहे. केवड्याचा खरा धोका असलेल्या दिवसांसाठी बोर्डो राखून ठेवायचं, सवयीने मारायचं नाही. खोड धुताना बुंध्याशी जुनी ताडपत्री पसरा, ओघळ तिच्यावर घ्या. टाकीत उरलेलं मिश्रण बागेच्या कोपऱ्यात ओतू नका, तो कोपरा कायमचा जातो. तांब्याऐवजी दुसरं बुरशीनाशक निवडताना निर्यातीचा माल असेल तर अवशेषांची मर्यादा आधी बघा. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शिफारशी त्यासाठी हाताशी ठेवा. आणि ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी सोडणार असाल तर मोरचुदाच्या जवळपास नको. बुरशी मारणारं औषध या बुरशीलाही सोडत नाही.

बांधून ठेवायला पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट. ह्यूमस तांब्याला घट्ट धरतो. ‘पूर्ण कुजलेलं’ हा शब्द महत्त्वाचा, कारण कच्च्या स्लरीतला विरघळणारा भाग उलट तांब्याला घेऊन फिरतो. बोदावर थर देऊन वरच्या चार-सहा इंचांत हलक्या हाताने मिसळा. नव्या लागणीत कलमाच्या मुळाशी मायकोरायझा (मुळाला साथ देणारी बुरशी) द्या. आणि पाणी असं द्या की ओल दीड-दोन फुटांपर्यंत जाईल, पण दोन पाण्यांत वरचा थर वाफशावर येईल. मुळीला खालच्या स्वच्छ थराची वाट दाखवायची आहे. मला सगळ्यात लवकर फरक यानेच दिसला.

संप्रेरकांची फवारणी? लेबलवरच्या मात्रेच्या वर जाऊ नका. सॅलिसिलिक आम्ल आणि ब्रासिनोस्टेरॉइड यांनी धातूचा ताण कमी झाल्याचे प्रयोग झाले आहेत, पण ते बहुतेक कुंडीतले किंवा द्रावणातले. मी त्यांच्यावर पैसा लावलेला नाही.

फरक एका पंधरवड्यात दिसणार नाही. पांढरी मुळी खरड छाटणीनंतर आणि फळ छाटणीनंतर अशा दोन लाटांत येते. प्रत्येक लाटेला त्याच जागेच्या शेजारी नवा खड्डा घ्या, मुळं ताटलीत पसरा आणि मोबाइलवर फोटो काढून तारीख टाका. माझ्या बागेत पहिल्या लाटेला काहीच बदल नव्हता. दुसऱ्या लाटेला फुटाखाली पांढऱ्या मुळ्यांचं जाळं वाढलेलं दिसलं, आणि त्यानंतरच्या खरड छाटणीला पेरा सुधारला. वरच्या सहा इंचांतली मुळी आजही आखूडच आहे.

विचारायचं असेल तर तीन गोष्टी लिहा: बागेचं वय, बोद आणि बांध दोन्हींचे अहवाल, आणि पांढऱ्या ताटलीतल्या मुळांचा फोटो. नुसत्या पिवळ्या पानाच्या फोटोवरून मला काही सांगता येणार नाही.